व्हर्टिकल लिमिट पाहताना तुमचं काय झालं? अनुभव येऊ द्या

काल टीव्हीवर परत व्हर्टिकल लिमिट लागला आणि ताटातली भाजी गार झाली. कुणी थिएटरात पाहिलाय, कुणी डोंगरात जाणारे आहेत, लिहा बिनधास्त. केटूवर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या सर्वात उंच शिखरावर, अडकलेल्या बहिणीला सोडवायला जाणाऱ्या भावाचा २००० सालचा पिक्चर आहे, स्पॉयलरचं टेन्शन नको.

— कॉलेजात असताना पाहिला. मॉन्युमेंट व्हॅलीचा सुरुवातीचा सीन, बहीण वर, पोरगा मधे, बाप खाली लटकलेला आणि तोच म्हणतो दोर काप! थिएटर चिडीचूप, मागच्या रांगेतल्या काकू तेवढ्या "नको रे, नको रे" करत होत्या. माझ्या मते पिक्चर तिथेच वसूल, पुढे नुसती धावपळ.

— आम्ही क्लायंबिंगवाल्यांनी ग्रुपने पाहिला, हसून पोट दुखलं. केटू म्हणजे ८६११ मीटर, तिथे वरच्या टप्प्यात दोन पावलं टाकली की थांबून धापा टाकायच्या आणि आपला हिरो आइस अ‍ॅक्स घेऊन दरीवरून उडी मारतोय, वर पाठीला धक्क्यानेही फुटणारं नायट्रोग्लिसरीन 😂 पण पिक्चरमधलं डेक्सचं इंजेक्शन थाप नाही हां, उंचीवर मेंदूला सूज आली की डेक्सामेथासोन खरंच देतात.

— मी सह्याद्रीत रेस्क्यूला जातो. उड्याबिड्या काही नसतात हो, स्ट्रेचर असतं. पावसात घसरून पाय मोडलेल्या एका पोराला रात्री खाली आणत होतो, शेवाळलेला कातळ, दर थोड्या वेळाने खांदेपालट, प्रत्येक उतारावर अँकर (दोर जिथे पक्का बांधतात तो आधार) दोनदा तपासायचा, आणि पोराचं आपलं एकच, "दादा, घरी लोणावळ्याला गेलोय एवढंच सांगितलंय, प्लीज सांभाळून घ्या".

— खरा थरार हवा तर पाकिस्तानातल्या नंगा पर्वत शिखरावरच्या २०१८ च्या रेस्क्यूबद्दल वाचा. केटूवर हिवाळी चढाईला आलेल्या पोलिश टीममधले गिर्यारोहक बिएलेत्स्की आणि उरुबको पाकिस्तानी हेलिकॉप्टरने तिकडे उतरले, रात्रभरात हजारेक मीटर चढले आणि वर अडकलेल्या फ्रेंच गिर्यारोहक एलिझाबेथ रेव्होलला खाली आणलं. तिचा जोडीदार मात्र वरच राहिला, त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. ह्यावर पिक्चर काढला तर लोक म्हणतील काहीही दाखवतात.

— पिक्चरमधल्या म्हाताऱ्या गिर्यारोहकाचं काम करणाऱ्या स्कॉट ग्लेनला विसरलात का सगळे? बायकोला शोधत वर्षानुवर्षं त्या डोंगरावर राहिलेला माणूस. आमची आई इंग्रजी पिक्चर बघत नाही, पण "तो म्हातारा आला की हाक मार" म्हणून किचनमधून सांगून ठेवते.