बाथरूमची खिडकी बंद करू का?

सी-५०१ ताई: नमस्कार मंडळी. पहाटे बाथरूमच्या खिडकीतून इतका गार वारा येतो की सासूबाई आंघोळीला जायलाच तयार नसतात. काचेच्या पट्ट्यांवर जाड प्लास्टिक लावून कडेने टेप मारावी म्हणते. कोणी केलंय का? टेप टिकते का ओलसर भिंतीला?

बी-४०४: टिकते की. मी तर एक्झॉस्ट फॅनच्या भोकातही थर्माकोल कोंबलाय. आत एकदम ऊब.

ए-२०२ काका: बी-४०४, तुमचा गीझर गॅसवरचा ना? बाथरूमच्या आत आहे की बाहेर?

बी-४०४: आतच आहे काका. आधीच्या मालकांनी बसवलेला.

ए-२०२ काका: मग आधी उठा, थर्माकोल काढा आणि काढला की इथे लिहा. बाकी सगळं नंतर.

ए-१०१ काकू: काका सकाळी सकाळी रागावले वाटतं.

ए-२०२ काका: रागावलो नाही हो. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा पुरली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला की येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, जळून निघालेल्या या वायूला तो नसतो. त्यामुळे नाक काहीच सांगत नाही. उन्हाळ्यात खिडकी उघडी असते म्हणून निभावून जातं. थंडीत आपण सगळ्या फटी बुजवतो, पाणी जास्त गरम लागतं, गीझर जास्त वेळ चालतो. सगळं एकदम जुळून येतं.

बी-३०३ डॉक्टर: काकांच्या म्हणण्यात थोडी भर. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. माणसाला वाटतं गरम पाण्याने झालं असेल, पित्त असेल. कडीपर्यंत हात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि कृपा करून बोटाला ऑक्सिमीटर लावून ‘९८ आहे, ठीक आहे’ म्हणू नका. त्या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेलं आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. माणसाला उघड्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि थेट हॉस्पिटल.

बी-४०४: काढला. आता खिडकी उघडी ठेवून चालेल ना?

ए-२०२ काका: तात्पुरतं. गीझर बाहेर घ्या, उघड्या हवेच्या जागी, आणि फक्त गरम पाण्याची नळी आत आणा. तोवर खिडकी उघडी ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, थोडा वेळ हवा खेळू द्यायची आणि मग आंघोळीला जायचं. ज्योत निळी आहे का तेही बघा. पिवळी दिसली तर त्याच दिवशी मेकॅनिक बोलवा. पण निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बंद खोलीत निळी ज्योतही हवा खातेच.

बी-४०४: आणि एक्झॉस्ट फॅन लावून ठेवला तर?

ए-२०२ काका: फॅन हवा बाहेर फेकतो. आत यायला वाट नसेल तर तो गीझरचा धूर उलटा खोलीतच ओढून घेतो. म्हणून म्हणतो, गीझरच बाहेर काढा.

सी-५०१ ताई: बाई गं! आमचा इलेक्ट्रिक आहे. मग आम्ही टेप लावली तर चालेल ना?

ए-२०२ काका: जिवाला धोका नाही, छताला आहे. गरम वाफ गार भिंतीला लागली की तिथेच तिचं पाणी होतं. दिवसभर ते सुकलं नाही तर कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, दार फुगतं. आंघोळीपुरती खिडकी मिटा आणि नंतर सताड उघडा, फॅन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. म्हणजे टेप नकोच, उघड-मीट होईल असं काहीतरी हवं. मापाची अ‍ॅक्रिलिकची पाटी करून आतून कडीने अडकवता येते. आणि नुसत्या खिडकीला दोष देऊ नका. दाराखालच्या फटीतून हवा शिरते आणि खिडकीतून निघते किंवा उलट. आंघोळीच्या वेळी त्या फटीला जुना टॉवेल लावून बघा, निम्मा वारा तिथेच थांबेल.

ए-१०१ काकू: आम्ही बाथरूम कोमट होईपर्यंत दार लावून गरम पाण्याची बादली भरत ठेवतो. वाफेनेच बाथरूम सुखावतं. मग माणूस आत. त्याला कसली पाटी नि कसलं काय.

सी-२०३: *हा संदेश काढून टाकला आहे*

सेक्रेटरी: गरम पाणी पिण्याचे एकवीस फायदे इथे नकोत. विषय बाथरूमचा चाललाय.

बी-३०३ डॉक्टर: ताई, सासूबाईंना पहाटे कशाला? ऊन वर आल्यावर जाऊ देत. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. मग एकदम कढत पाणी अंगावर घेतलं की त्या सैल पडतात, दाब उतरतो आणि उभ्या उभ्या चक्कर येते. पाणी ३८ ते ४० अंशांपर्यंत पुरे. प्लास्टिकचं स्टूल द्या, बसून आंघोळ करू देत. कपडे, टॉवेल आतच हाताशी. अंग पूर्ण कोरडं करूनच बाहेर यायचं. आतून कडी लावायची नाही, दाराबाहेर पाटी अडकवा हवी तर. आणि आधाराला टॉवेलचा दांडा धरायची सवय मोडा. तो टॉवेलसाठी असतो, माणसाचं वजन नाही पेलत. भिंतीत पक्की बसवलेली पकडदांडी हवी.

सी-५०१ ताई: स्टूल आहे. दांडीचं करून घेते. त्यांची दुसरी तक्रार फरशीची. पाय ठेवला की झिणझिण्या येतात म्हणतात.

ए-२०२ काका: फरशी आणि तिच्यावरचं पायपुसणं, दोन्ही एकाच तापमानाला असतात. फरशी पायातली उष्णता भराभर ओढते म्हणून गार लागते. खालून चिकटणारी रबराची मॅट टाका, घसरणंही टळेल. फक्त रोज उचलून वाळत घाला, नाहीतर खाली बुळबुळीत होतं.

ए-७०२ दादा: आमचं रडगाणं वेगळं. तीन लिटरचा इन्स्टंट गीझर, उन्हाळ्यात मस्त चालायचा. आता कोमटच पाणी येतं. कॉइल गेली का?

ए-२०२ काका: बहुतेक नाही. तीन किलोवॅटचा असेल. २७ अंशांचं पाणी ४० ला न्यायचं तर तो मिनिटाला सव्वातीन लिटर देऊ शकतो. तेच पाणी १५ अंशांनी आत आलं तर पावणेदोन लिटरच. नळ बारीक सोडा, पाणी गरम येईल. त्यानेही फरक पडला नाही तर कॉइलवर क्षार बसलेत का ते बघायचं. टाकीच्या गीझरचंही तेच गणित. २५ लिटर, २ किलोवॅट, १५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४० मिनिटं. उन्हाळ्यात अर्ध्या तासाच्या आत व्हायचं. तेवढ्या पाण्यात गार मिसळून ४० अंशांचं सुमारे ४५ लिटर होतं. चौघांनी लागोपाठ शॉवर घेतला तर चौथा कुडकुडणारच, गीझरला शिव्या देऊन काय उपयोग?

बी-४०४: चौथा म्हणजे आमच्या घरी मी.

बी-३०३ डॉक्टर: ६० अंशांचं पाणी थेट अंगावर नको. पाचेक सेकंदांत खोल भाजतं. लहान मुलं असलेल्या घरात बादलीत आधी गार, मग गरम. मूल आत असताना नळाशी खेळू देऊ नका.

सी-१०४: आमच्या गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. प्लंबर म्हणाला बूच मारून टाकू.

ए-२०२ काका: मुळीच नाही! तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. पाणी तापलं की फुगतं, दाब वाढतो, तो तिथून सुटतो. तापताना चार थेंब पडणं ठीक. गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदला, पण बूच नाही. असं सुचवणारा प्लंबरही बदललात तर उत्तम.

ए-१०१ काकू: मला हे गीझर-बिझर नकोच. मी आपली बादलीत रॉड लावते. वर्षानुवर्षं चाललंय.

ए-२०२ काका: काकू, बादली प्लास्टिकची ना?

ए-१०१ काकू: स्टीलची. प्लास्टिकची वितळेल ना!

ए-२०२ काका: रॉड काठाला नीट अडकवला आणि बादलीला कुठे टेकत नसेल तर नाही वितळत. स्टीलमध्ये रॉडला चीर गेली तर अख्खी बादली शॉक देईल. खुणेपर्यंत पाणी भरायचं, मग बटण चालू. पाणी तापलं का हे बोट घालून बघायचं नाही. आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग रॉड काढायचा, मग बोट. आणि तो कुठे लावता?

ए-१०१ काकू: बेडरूममधून एक्स्टेन्शन आणते.

ए-२०२ काका: अरे देवा. मी आणि आमचे चिरंजीव संध्याकाळी येतो. १६ अँपिअरचा सॉकेट कुठे आहे ते बघू.

ए-१०१ काकू: या. पण स्टीलची बादली फेकायला सांगू नका.

ए-२०२ काका: सगळ्यांसाठीच सांगतो. आपल्या बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा खटका, आहे का बघा. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे. ३० मिलिअँपिअरचा असावा. गीझरची अर्थिंगही तपासून घ्या. आणि रूम हीटर बाथरूममध्ये कुणीही नेऊ नका, दाराबाहेरच्या सॉकेटमधून वायर आत सोडूनसुद्धा नको.

ए-७०२ दादा: नळ बारीक सोडला. जमलं काका, आभार. पण टाकीतलं पाणीच बर्फासारखं येतं, त्याचं काय करायचं?

ए-२०२ काका: त्याचा उपाय सेक्रेटरींच्या हातात आहे. गच्चीवरची टाकी रात्रभर उघड्या आभाळाखाली थंड होते. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी तेवढं गार होत नाही, भोवतीची माती त्याला सांभाळते. आपण पंप रात्री दहाला चालवतो आणि वरची टाकी काठोकाठ भरून ठेवतो. त्याऐवजी रात्री अर्धी भरा, उरलेली पहाटे. तीन-चार अंशांचा फरक पडला तरी प्रत्येक गीझर थोडा कमी चालेल.

सेक्रेटरी: सुचवलंत ते चांगलं आहे. साडेपाचला पंप लावायला वॉचमनना सांगू का?

ए-१०१ काकू: माझ्या बेडरूमच्या भिंतीला पंपाची खोली आहे, विसरलात?

ए-७०२ दादा: काकू, आम्ही सातव्या मजल्यावर काकडतोय हो.

ए-१०१ काकू: मग या खाली माझ्याकडे आंघोळीला, स्टीलची बादली देते.

सेक्रेटरी: सहाला लावू. आठवडाभर बघू फरक पडतो का. ए-७०२ रोज सकाळी नळाच्या पाण्याचं तापमान मोजून इथे टाकतील.

ए-७०२ दादा: थर्मामीटर ताप मोजायचा आहे, तो चालेल?

बी-३०३ डॉक्टर: नाही चालणार. तो ३२-३५ अंशांच्या खालचं मोजत नाही.

ए-२०२ काका: माझ्याकडे आहे पाण्याचा. घेऊन जा.

ए-१०१ काकू: सहा म्हणजे सहा. पाच मिनिटं आधी जरी घरघर ऐकू आली तर मी स्वतः येऊन पंप बंद करीन.