एनके आणि टी पेशी स्वतःच्याच परफोरिनने का मरत नाहीत?

प्रश्न: परळ_इम्युनो

एनके पेशी (रोगट पेशी मारणारी पांढरी रक्तपेशी) लक्ष्यपेशीला चिकटते आणि मधल्या चिंचोळ्या फटीत परफोरिन (पटलाला भोकं पाडणारं प्रथिन) व ग्रॅन्झाइम (आत शिरून पेशी मारणारं एन्झाइम) सोडते. त्या फटीला दोन्ही पेशींची पटलं लागून असतात, तरी भोकं समोरचीलाच पडतात. एमएस्सीच्या नोट्समध्ये उत्तर एका ओळीचं आहे: ग्रॅन्यूलमधलं (ही मारक प्रथिनं साठवणाऱ्या पेशीतल्या पिशवीतलं) कॅथेप्सिन बी हे एन्झाइम पृष्ठभागावर येतं आणि परफोरिन कापतं. एवढ्यावर भागतं का? आणि के५६२ पेशींवर (एनके पेशी सहज मारतात अशा ल्युकेमियाच्या पेशींवर) चार तासांचा प्रयोग लावला, तर मृत्यू परफोरिनमुळेच झाला हे कसं दाखवायचं? रक्ताचे नमुने पालघर-कल्याणहून येतात, त्याने काही बिघडतं का?

उत्तर: कणिका

नोट्समधली ती ओळ आता बदलायला हवी. कॅथेप्सिन बीची कल्पना २००२ची. २००६मध्ये कॅथेप्सिन बी मुळीच नसलेल्या उंदरांच्या टी पेशी तपासल्या, तर त्या मारूनही नेहमीसारख्याच जगल्या. म्हणजे तो एकमेव रक्षक नक्कीच नाही.

परफोरिन कुठे कुठे घातक ठरू शकतं ते क्रमाने पाहा. त्याला पटलात शिरायला कॅल्शियम आणि उदासीन पीएच लागतो. ग्रॅन्यूलमध्ये पीएच ५च्या आसपास, त्यामुळे तिथे ते निपचित पडून असतं. शिवाय सर्ग्लायसिन या ऋणभारित प्रोटिओग्लायकनला परफोरिन आणि ग्रॅन्झाइम बांधलेली असतात. ग्रॅन्झाइम तयार होतं तेव्हा त्याच्या टोकाला दोन अमिनो आम्लांची जादा शेपटी असते, आणि ती कॅथेप्सिन सीने कापल्याशिवाय ते कामाला लागत नाही.

खरा धोका त्याच्याही आधी, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीत हे प्रथिन तयार होतं तिथे. तिथे पीएच उदासीन आणि कॅल्शियम भरपूर. परफोरिनला हवं ते सगळं हजर! वाचवतं ते परफोरिनचं सी-टोक, म्हणजे साखळीचं शेवटचं टोक: त्याच्यामुळे रेणू तिथून झटपट बाहेर निघतो. टोकाची शेवटची १२ अमिनो आम्लं छाटली की परफोरिन तिथेच अडकतं आणि पेशी स्वतःच मरते. याच टोकाजवळची साखरसाखळी रेणूंना एकमेकांना जोडून कडं करू देत नाही. ती ग्रॅन्यूलमध्ये पोचल्यावरच कापली जाते. पाठ्यपुस्तकं हा भाग दोन शब्दांत उरकतात, माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

आता तुमची फट. २०१९मध्ये मेलबर्नच्या गटाने दाखवलं की मारक टी पेशीच्या पटलातले लिपिड फार घट्ट रचलेले असतात, त्यामुळे परफोरिनला त्यावर नीट बसता येत नाही. जे थोडं चिकटतं, ते बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीन या ऋणभारित लिपिडवर गोळा होऊन निकामी पडतं. ७-कीटोकोलेस्टेरॉल देऊन ती घट्ट रचना सैल केली की याच पेशी परफोरिनला बळी पडतात. एनके पेशीत आणखी एक गोष्ट आहे: ग्रॅन्यूल फुटताना लॅम्प-१ म्हणजे सीडी१०७ए पृष्ठभागावर येतं, आणि ते नसेल तर परफोरिन स्वतःच्याच पटलाला जास्त चिकटतं.

शेवटी, सायटोप्लाझ्ममध्ये ग्रॅन्झाइम बी गळलंच, तर सर्पिन बी९ हे रोधक प्रथिन त्याला कायमचं जखडतं.

उत्तर: बेंच_सायन

प्रयोगाबद्दल. रक्त हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत घ्या. जांभळ्या झाकणाची नको, ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. नमुना खोलीच्या तापमानाला ठेवा आणि २४ तासांच्या आत लावा. लांबून येणारे नमुने बर्फाच्या पिशवीला टेकवून पाठवले जातात, तिथेच घोळ होतो: गारठलेल्या एनके पेशींची मारकक्षमता पडते आणि रिपोर्ट रुग्णाच्या दोषासारखा दिसतो. निरोगी व्यक्तीचं रक्त त्याच वेळी घेऊन त्याच डब्यातून येऊ द्या. तो कंट्रोल नसेल तर कमी आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

यू-तळाच्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खाचेत १०,००० के५६२ पेशी, मारक पेशी आणि के५६२ यांची गुणोत्तरं ५०:१पासून निम्मी निम्मी करत, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. नुसत्या के५६२च्या खाचेत २० टक्क्यांहून जास्त मृत्यू दिसला तर प्लेट बाद.

परफोरिन सिद्ध करायला ४ मिलीमोलर ईजीटीए (हेही कॅल्शियम ओढून घेतं) अधिक २ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. मॅग्नेशियममुळे पेशी चिकटणं चालू राहतं. पण कॅल्शियम नसल्याने ग्रॅन्यूल फुटणंही थांबतं, म्हणून एवढ्याने नेमका दोष कळत नाही. त्याच्या जोडीला फक्त मारक पेशी १०० नॅनोमोलर कॉन्कॅनामायसिन एमध्ये दोन तास ठेवा. ग्रॅन्यूलचा पीएच चढतो, परफोरिन तुटून जातं, फासच्या वाटेने (लक्ष्यपेशीवरच्या मृत्यूचा संदेश घेणाऱ्या प्रथिनामार्फत) होणारं मारणं मात्र तसंच राहतं.

परळ_इम्युनो

ग्रॅन्यूल फुटले का ते मोजायला सीडी१०७एची अँटिबॉडी शेवटी घातली तर चालेल का?

बेंच_सायन

नाही. ते प्रथिन थोड्या वेळात परत आत ओढलं जातं. अँटिबॉडी पेशी एकत्र करतानाच घाला, मोनेन्सिन (आत ओढलेल्या अँटिबॉडीची चमक टिकवणारं रसायन) तासाभराने.

उत्तर: फ्लो_दादर

एचएलएचचा (प्रतिकारशक्ती अनावर होणाऱ्या गंभीर आजाराचा) संशय असलेल्या बाळांच्या नमुन्यात दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. पेशीच्या आत परफोरिन नाही, पण सीडी१०७ए नीट वर येतं: पीआरएफ१ हे परफोरिनचं जनुक पाहा. परफोरिन आहे पण सीडी१०७ए येत नाही: यूएनसी१३डी, एसटीएक्स११, एसटीएक्सबीपी२, आणि केस चंदेरी असतील तर रॅब२७ए ही जनुकं पाहा. परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत प्रतिकारशक्तीच्या अशा जन्मजात दोषांचं निदान होतं. नमुना पाठवण्याआधी फोन करून दिवस ठरवा. शनिवारी संध्याकाळी पोचलेली नळी सोमवारपर्यंत या तपासणीच्या कामाची राहत नाही.