अहवाल ‘बायस्ड’ म्हणावा की ‘स्क्यूड’? हरकतपत्रासाठी शब्द हवाय

रापणकर_मालवण
मंडळी, आमच्या किनाऱ्यावर एक प्रकल्प येऊ घातलाय. त्यासाठी एका सल्लागार संस्थेनं मच्छीमारांचं सर्वेक्षण करून इंग्रजीत अहवाल दिला. त्यावर इंग्रजीतच हरकत द्यायचीय आणि ते काम रापणवाल्यांनी (रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं मोठं जाळं) माझ्या गळ्यात घातलंय, कारण शाळेत माझं इंग्रजी बरं होतं म्हणे.

तक्रारी अशा. प्रश्न विचारणारी पोरं जेटीवर उभी राहिली आणि समोर येईल त्याला विचारून गेली. जेटीवर भेटणार कोण, तर ट्रॉलर नि पर्ससीनचे (घेर टाकणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बोटींचे) मालक, तांडेल म्हणजे बोटीचे कप्तान, खलाशी. आमची रापण ओढतात वाळूवर, तिकडे कोणी फिरकलं नाही. मासळी विकणाऱ्या बायका बाजारात, त्यांनाही नाही. दुसरं, गावाचं ‘सरासरी उत्पन्न’ वाचून आम्हीच गार पडलो. एवढा पैसा असता तर पोरं मुंबईला कशाला गेली असती? तिसरं, एका तांडेलानं सांगितलं होतं, “पावसाळ्यानंतर दोन महिने मासळी बरी लागते.” छापलंय, “मासळी मुबलक मिळते.” नकाशासुद्धा आडवा ताणलाय, चिंचोळी पुळण त्यात ऐसपैस दिसते.

डिक्शनरीत बायस्ड, स्क्यूड, स्लँटेड, डिस्टॉर्टेड, लॉपसाइडेड, वॉर्प्ड अशी रांगच आहे आणि बहुतेकांपुढे वाकडं, तिरपं, एकतर्फी. रागाच्या भरात मी सगळीकडे ‘बायस्ड’ ठोकणार होतो. अध्यक्ष म्हणाले, जपून, उद्या नोटीस येईल. काय लिहू?

आकडेमोड_रत्नागिरी
कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तुमच्या पहिल्या दोन तक्रारी माझ्या. त्या एकत्र करू नका, दुखणी वेगळी आहेत.

जेटीवरची माणसंच विचारली, हा ‘बायस्ड सँपल’. इथे बायस्ड म्हणजे कोणी लबाडी केली असं नव्हे. निवडायची रीतच अशी की ठरावीक माणसं सुटणार. वर्गात मी नेहमी १९३६ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक सांगतो, रूझवेल्ट विरुद्ध लँडन. लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या आणि त्यांनी लँडन जिंकणार म्हणून जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून घेतलेले. शिवाय ज्यांना तळमळ होती त्यांनीच उत्तरं धाडली. लबाडी कोणाचीच नव्हती. आणि आकडा मोठा म्हणून वाचलेही नाहीत, तेव्हा “आम्ही इतक्या लोकांना विचारलं” असं उत्तर आलं तर दबू नका.

सरासरीचं दुखणं म्हणजे ‘स्क्यूड’. समजा नऊ घरांत महिना १५ हजार येतात आणि दहाव्या, पर्ससीनवाल्या घरात ३ लाख. सरासरी निघते साडेत्रेचाळीस हजार, आणि तेवढे मिळवणारं घर गावात एकही नाही. मधलं घर धरलं, म्हणजे मीडियन काढला, तर १५ हजार. ‘द इन्कम डेटा इज हायली स्क्यूड’ असं लिहा आणि मीडियन मागा. यात कोणावर आरोपही होत नाही.

निवृत्त_बोसन
झिला, बोटीवर उभा जन्म गेला म्हणून सांगतो. वाऱ्यानं बोट कलली तर ती ‘हील’, वारा पडला की सरळ होते. माल एका अंगाला भरला तर ‘लिस्ट’, ती माल हलवल्याशिवाय जात नाही. लॉपसाइडेड हा शब्दही मुळात अशा एका बाजूला बसणाऱ्या जहाजांचाच. दोन बाजू आहेत आणि एकीचं पारडं जड झालंय, अशा ठिकाणी तो वापर. ट्रॉलरवाले सगळे आणि रापणवाला एकही नाही, म्हणजे ‘लॉपसाइडेड कन्सल्टेशन’. वॉर्प्ड मात्र नको. तो ओल्या फळीला पीळ पडतो त्याला, नाहीतर माणसाच्या डोक्याला. अहवालाला लावलास तर शिवी होईल.

उरेब_पट्टी
मी चिपळूणला ब्लाउज शिवते, पण बायस आमच्याकडचाही शब्द आहे हं. ज्याला आम्ही उरेब म्हणतो, कापड ताण्याबाण्याला तिरकं धरून ४५ अंशांत कापायचं, त्याला इंग्रजीत बायस कट. सरळ कापलेलं सुती कापड फारसं ताणत नाही, उरेब कापलं की ताणतं, म्हणून गळ्याच्या गोलाईला उरेब पट्टीच लागते. आणि भाऊ, ‘द रिपोर्ट इज बायस’ नका लिहू, शेवटचा ‘ड’ हवाच. लेकीचे निबंध तपासताना हीच चूक रोज दिसते.

उपसंपादक_सुट्टीवर
तिसरी तक्रार सगळ्यात जड आहे, ती पहिली घ्या. वाक्य होतं एक, छापलं दुसरं. हा विपर्यास, म्हणजे ‘डिस्टॉर्टेड’. ‘स्लँटेड’ वेगळा: प्रत्येक वाक्य खरं, पण सोयीचं तेवढं वर आणि गैरसोयीचं परिशिष्टात. स्लँटेडमध्ये लिहिणाऱ्याचा हेतू डोकावतो आणि तो सिद्ध करायला तुम्हालाच सांगतील. डिस्टॉर्टेडला हेतू लागत नाही, दोन वाक्यं शेजारी ठेवली की झालं. तांडेलाची सही घेऊन ठेवा. नकाशालाही तोच शब्द चालतो. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. याला इंग्रजीत डिस्टॉर्शनच म्हणतात.

‘बायस्ड’ माणसाला किंवा संस्थेला लावलात की तो पक्षपाताचा आरोप होतो. ‘सँपल’च्या मागे लावलात तर तांत्रिक दोष. तुमचे अध्यक्ष घाबरले ते पहिल्याला. आणि क्रुकेड चुकूनही नको, त्याचा सरळ अर्थ लबाड.

रापणकर_मालवण
सगळ्यांचे आभार. मसुदा असा केलाय: सँपल बायस्ड, उत्पन्नाचे आकडे स्क्यूड, तांडेलाचं म्हणणं आणि नकाशा डिस्टॉर्टेड, कन्सल्टेशन लॉपसाइडेड. संस्थेला कुठलंच विशेषण नाही. अध्यक्षांना पटलं. आमच्या आत्येला नाही, तिला कुठेतरी ‘चोर’ हवंय.

तांडेल सही द्यायला तयार आहे, पण त्याचा ट्रॉलरमालक आड येतोय. सहीशिवाय तिसरा मुद्दा टिकेल का?

उपसंपादक_सुट्टीवर
तो बोलला तेव्हा शेजारी कोण कोण होतं? त्यातल्या दोघांच्या घ्या.