मदत हवी आहे: 'स्टार वॉर्स' (१९७७) ब्लू-रेचे रंग सुधारताना प्रमाण कशाला मानायचं?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 'स्टार वॉर्स'ची २०११ची ब्लू-रे आहे. गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की डाविंची रिझॉल्व्ह या रंगसुधारणेच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे रंग सुधारत बसतो, फक्त स्वतःला बघण्यासाठी. आता गाडी अडली आहे.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. यानातला पांढरा बोळ, दार फुटतं, धुरातून पांढऱ्या चिलखतातले सैनिक आत घुसतात. त्या भिंती मला निळ्या दिसतात आणि चेहऱ्यांवर नको तेवढी लाली. हे रंग २००४च्या डीव्हीडीच्या मास्टरमधूनच (ज्या मूळ प्रतीवरून डिस्क बनवतात तिच्यातूनच) आलेत. (त्या डीव्हीडीत सरावाच्या वेळी नायक ल्यूकची निळी लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) चक्क हिरवट दिसते, तिथूनच मला शंका यायला लागली.) भिंत पांढरी होईपर्यंत निळा उतरवला, आणि तीच दुरुस्ती पुढे लावली तर वाळवंट हळदीसारखं पिवळं झालं.

पडताळायला २००६च्या डीव्हीडीसोबतची जादा डिस्क लावली. तिच्यात मूळ आवृत्ती आहे, पण १९९३च्या लेसरडिस्कच्या मास्टरवरून घेतलेली, म्हणजे तिच्यावरही विसंबता येत नाही. ३५ मिमीच्या ईस्टमन प्रिंटांतला (थिएटरात दाखवायच्या नेहमीच्या फिल्म-प्रतींतला) सायन, म्हणजे निळसर-हिरवा रंग आधी उडतो, म्हणून त्या गुलाबी पडतात. टेक्निकलरच्या डाय-ट्रान्स्फर प्रिंटा (ज्यांत रंग फिल्मवर छापल्यासारखे उमटवतात) मात्र टिकतात. ब्रिटनमध्ये या चित्रपटाच्या तशा प्रिंटा निघाल्या होत्या आणि चाहते त्यांनाच मानतात. पण प्रिंट ही प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याच्या उजेडात पडद्यावर बघायची वस्तू. तिच्या स्कॅनमधल्या फ्रेम शेजारी ठेवून रंग जुळवणं कितपत बरोबर?

शिवाय खलनायक व्हेडरच्या काळ्या झग्याच्या घड्या काळ्यात बुडाल्यात आणि आकाशात पट्टे पडतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:
आधी मॉनिटर तपासा, पांढरा ६५०० केल्व्हिनवर हवा (आकडा जितका जास्त तितका पांढरा निळसर दिसतो). एकच दुरुस्ती सगळीकडे लावू नका, शॉटगणिक करा. प्रिंटच्या फ्रेमवरून आकडे उचलू नका. बोळ वाळवंटापेक्षा किती थंड आहे, एवढं नातं तिच्यातून घ्या. दोन सूर्य मावळतात तिथे ऑटो बॅलन्स (सॉफ्टवेअरने आपोआप केलेली रंगदुरुस्ती) अजिबात नको, तो नारिंगी त्या दृश्याचा जीव आहे. झग्यातलं गेलं ते गेलं, वर उचलाल तर गढूळ राखाडी डाग मिळतील. पट्टे पडतात कारण डिस्क ८ बिटची आहे, म्हणजे तिच्यात रंगछटांच्या पायऱ्या मोजक्याच, आणि तुम्ही ती फार ताणताय. शेवटी हलकं ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवा) घाला, बरेच झाकले जातील.

धागाकर्ता:
मनापासून आभार. मॉनिटर ९३०० वर होता! ६५०० वर आणल्यावर भिंत अजूनही निळसर आहे, पण आधीच्या निम्मीही दुरुस्ती लागत नाही, आणि वाळूला वाळूचा रंग आला. पहिल्या रिळापासून पुन्हा सुरुवात करतोय. ग्रेन शॉटगणिक घालायचं की शेवटी एकदाच, तेवढं सांगाल का?