बुवाकुक खेळताना बाळ मान फिरवते. खेळ थांबवावा का?

प्रश्न : साताऱ्याची आई

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. तिचा जन्म पाच आठवडे आधी झाला होता. सासूबाई दिवसातून अनेकदा पदराआड तोंड लपवून तिच्याशी बुवाकुक खेळतात. पहिल्या तीन-चार वेळा ती खुदुखुदु हसते, पाय झाडते आणि मग एकाएकी मान वळवून भिंतीकडे किंवा स्वतःच्या मुठीकडे पाहत राहते. तिचे लक्ष परत वळावे म्हणून सासूबाई आणखी जोराने ‘कुक’ म्हणतात आणि शेवट बहुधा रडण्यात होतो. शेजारचे आठ महिन्यांचे बाळ मात्र स्वतःच दुपटे डोक्यावर ओढून घेते. या खेळाने मुले माणसांत मिसळायला शिकतात असे म्हणतात. मग हिने मान फिरवणे म्हणजे हिला माणसांची आवड नाही, असे समजावे का?

उत्तर १ : बालविकासाची शिक्षिका

नाही. आधी वयाचा हिशेब नीट करू. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा विकास पाहताना जेवढे आठवडे ते लवकर आले तेवढे वजा करायचे असतात, आणि साधारण दोन वर्षांपर्यंत तसेच मोजतात. त्या हिशेबाने, म्हणजे सुधारित वयाने, आपली मुलगी जेमतेम सहा महिन्यांची आहे. शेजारच्या बाळाशी तुलना इथेच संपते.

आता मान फिरवण्याबद्दल. डोळ्याला डोळा भिडवून हसणे हे या वयात बरेच श्रमाचे काम आहे आणि उत्तेजना फार झाली की बाळाकडे ती कमी करण्याचा एकच सोपा उपाय असतो, तो म्हणजे नजर काढून घेणे. तो नकार नसून विश्रांती असते. आपण ‘कुक’ म्हटले, ती हसली, आपण थांबलो, ती पुन्हा पाहू लागली, ही जी पाळीपाळीची देवाणघेवाण आहे, तीच पुढे बोलण्याचालण्यात उपयोगी पडते; तिच्या पाळीच्या वेळी मोठ्यांनी आवाज चढवला, तर खेळातला तिचा वाटाच निघून जातो.

सहा महिन्यांचे बाळ या खेळात निव्वळ दचकून हसत नाही, त्याची काही अपेक्षा असते. १९८९ साली पॅरट आणि ग्लाइटमन या मानसशास्त्रज्ञांनी सहा, सात आणि आठ महिन्यांच्या बाळांबरोबर हा खेळ खेळताना मधूनच लपलेल्या व्यक्तीऐवजी दुसरीच व्यक्ती समोर आणली, किंवा तीच व्यक्ती भलत्या ठिकाणाहून डोकावली. अशा फसव्या फेऱ्यांत बाळे कमी हसली. म्हणून शब्द, पदर आणि जागा रोज तीच ठेवावी. बदल हळूहळू करावा.

अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या विकासटप्प्यांच्या यादीत या खेळाला हसून दाद देणे नऊ महिन्यांच्या टप्प्यावर येते आणि आपली मुलगी ते आजच करते आहे. सुधारित वयाने सहा महिने होऊनही बाळ कोणाकडे पाहून हसतच नसेल किंवा आवाजाकडे वळत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उत्तर २ : तीन नातवंडांची आजी

आपल्या घरांत बुवाकुक आणि भॉक यांची सरमिसळ होते, असे माझे निरीक्षण आहे. बुवाकुकमध्ये ‘बुवाऽऽ’ हा लांबवलेला सूर बाळाला आधीच सांगतो की आता काहीतरी होणार आहे. भॉक मात्र पाठीमागून, न सांगता येतो आणि तो चालत्या-बोलत्या मुलासाठी आहे. सासूबाईंचा ‘कुक’ जोराचा झाला की त्याचा भॉक होत असावा. त्यांना ‘चुकता आहात’ असे म्हणू नका. ‘बुवाऽऽ’ जरा लांबवा, एवढेच सांगून पाहा.

उत्तर ३ : डब्लिनमधील बाबा

आमच्या मुलाचे आजी-आजोबा कोल्हापूरहून व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळत, तेव्हा तो कोरा चेहरा करून बसे. चित्र आणि आवाज मागेपुढे पोहोचत होते, त्यामुळे चेहरा दिसून गेल्यावर ‘कुक’ ऐकू येई. वेळ चुकली की खेळच उरत नाही, हे तेव्हा कळले. आता आजी ‘बुवाऽऽ’ म्हणते आणि त्याच्याशेजारी बसून दुपट्याआडून तोंड मी काढतो. (दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलची मुभा तेवढी ठेवते.)

प्रश्नकर्ती : साताऱ्याची आई

चार दिवस करून पाहिले. तिने मान फिरवली की सासूबाई पदर खाली ठेवून गप्प बसतात, जे त्यांना मुळीच सोपे जात नाही. पहिल्या दिवशी मी मनात चाळीसपर्यंत अंक मोजले, तेव्हा ती परत वळली. काल बारालाच वळली आणि ‘अं’ असा आवाजही केला. काल तिने पदराचे टोक धरून ओढलेही. माझ्या मते ते तोंडात घालण्यासाठी होते. सासूबाईंचे म्हणणे आहे, ‘तिने मला शोधले.’