मायक्रोआरएनएच्या भरवशावर अँजिओग्राफी रद्द करू नका

लॅबवाली (फोंडा): वाड्यावरच्या ग्रुपवर काल एक मेसेज फिरला: 'रक्तातले मायक्रोआरएनए मोजले की हृदयातले ब्लॉक कळतात, अँजिओग्राफी आता विसरा.' तो वाचून आमच्या शेजारचे एक गृहस्थ ठरलेली अँजिओग्राफी रद्द करायला निघाले, म्हणून लिहिते. अठरा वर्षं रक्त काढतेय मी. मायक्रोआरएनए, म्हणजे पेशीतल्या जनुकांचं काम कमीजास्त करणारे छोटे रेणू, खोटे नाहीत, २०२४ चं नोबेल त्यांच्याच शोधाला मिळालं. पण रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या की मिर-४५१ आणि मिर-१६ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, उतरतात, आकडे फिरतात. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते तिथे, रुग्णाला रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असतं, त्याने हे रेणू मोजणारी पीसीआर तपासणी अडखळते. मिर-१२६ बराचसा प्लेटलेटमधून येतो आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी तो उतरतो. हृदयाचा रुग्ण या गोळ्या घेतोच. मग उतरलेला आकडा आजाराचा की गोळीचा?

सत्तरीकर: ताई, नवीन काही आलं की तुम्हाला आधी खोटच दिसते. २०१० मध्येच जर्मन संशोधकांनी दाखवलंय, कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या, रुग्णांत मिर-१२६, १४५, १५५ कमी असतात. माझा भाऊ ४४ व्या वर्षी गेला. महिन्याभरापूर्वीचा ईसीजी नॉर्मल होता. ट्रोपोनिन, म्हणजे हार्ट अ‍ॅटॅकच्या तपासणीत मोजतात ते प्रथिन, वाढतं ते हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर. वाळपईहून बांबोळीचं हॉस्पिटल गाठेपर्यंत काय होतं ते मी गाडीत बसून पाहिलंय. मला त्याच्या आधी सांगणारी तपासणी हवी.

लॅबवाली (फोंडा): भावाचं वाचून फार वाईट वाटलं. पण त्या अभ्यासात पीसीआरने पडताळणी झाली ती ३६ रुग्ण आणि १७ निरोगी माणसांवर. एवढ्यावर कुणाच्या छातीचा निर्णय घ्यायचा?

भाटकार_मडगाव: कसले मायक्रो नि कसलं काय. आमचे आजोबा रोज खोबऱ्याचं हुमण, म्हणजे माशांची आमटी, जेवून ९१ वर्षं जगले. रिफाइंड तेल घरात आलं आणि हे आजार आले. खोबऱ्याला बदनाम केलं ते डॉक्टरांनीच.

म्हापशाची_सून: भाटकारबाब, आजोबा दिवसभर कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, चढउतार करायचे. तुमच्या दारात पोदेर (पाववाला) पाव आणून देतो. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त संपृक्त मेद असतो, त्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. मी तळणासाठी ते बंद केलं, एलडीएल १७२ वरून १२८ वर आलं.

भाटकार_मडगाव: आणि कोलेस्टेरॉलची गोळी? ती चालू नव्हती?

म्हापशाची_सून: होती. ते खरं आहे.

भाटकार_मडगाव: मग श्रेय तेलाला कशाला देता? सावंतवाडीहून येऊन गोंयकाराला जेवण शिकवू नका.

म्हापशाची_सून: माझं माहेर मध्ये आणायचं काम नाही. सावंतवाडीत नारळ होत नाहीत? सासऱ्यांना दोन स्टेंट बसलेत, त्यांचं ताट मी वाढते. मी बोलणारच.

भाटकार_मडगाव: माहेरचं बोललो ते चुकलं. खोबऱ्याचं मागे घेणार नाही. हुमणातलं वाटलेलं खोबरं आणि तळणाचं तेल एका तागडीत घालू नका.

म्हापशाची_सून: एवढं मान्य. पण सासऱ्यांना वाटणही मी बेतानेच घालणार.

लॅबवाली (फोंडा): खोबऱ्यासाठी वेगळा धागा काढा, हात जोडते. सत्तरीकर, एक कबूल करते. हे रेणू अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाला चिकटून किंवा एक्सोसोममध्ये, म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत, बसून येतात, म्हणून प्लाझ्मात टिकतात. मिर-२०८ए तर जवळजवळ हृदयाचाच. म्हणजे आशा वेडी नाही. पण एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळवायला तुलनेचा सर्वमान्य रेणू अजून ठरलेला नाही. स्वस्थ माणसात २०८ए सापडणंही कठीण, तो दिसतो इजा झाल्यावर. म्हणजे तुमच्या ट्रोपोनिनचीच गोष्ट.

सत्तरीकर: हे शेवटचं मला ठाऊक नव्हतं. ठीक, या रिपोर्टवर अँजिओग्राफी कुणी टाळू नये, मानलं. पण संशोधन चालूच राहायला हवं. आणि माझ्यासारख्याने आज करायचं काय? वय ४१.

लॅबवाली (फोंडा): बीपी, साखर, लिपिड. आणि घरात इतक्या लवकर कुणी गेलं असेल तर लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण, आयुष्यात एकदा तरी. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. पुढे सीटी कॅल्शियम स्कोर, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारं स्कॅन, करायचा का, ते हृदयाचे डॉक्टर सांगतील.

सत्तरीकर: लिपोप्रोटीन-ए आमच्या घरात कुणाचंच तपासलेलं नाही. भावाच्या मुलालाही घेऊन जातो. तुमच्या शेजाऱ्यांचं काय झालं?

लॅबवाली (फोंडा): त्यांच्या मुलीशी बोलले. तारीख रद्द केलेली नाही, सोमवारी जाताहेत.