मदत हवी आहे: हिरवी तुतारी की ठिपकेवाली? माझ्या ११ नोंदींचं काय करू?

सप्टेंबरच्या मध्यापासून रोज सकाळी एकाच पाणवठ्यावर जातेय. पाणी आटत चाललंय, काठचा चिखल उघडा पडलाय आणि त्या चिखलात रोज एक तुतारी (पाणथळीचा लहान पक्षी) चरताना दिसते, क्वचित दोन. पहिल्या दिवशी पाठीवरचे ठिपके बघितले आणि ठिपकेवाली तुतारी, म्हणजे वुड सँडपायपर, असं लिहून मोकळी झाले. पुढचे दहा दिवस ई-बर्डवर, म्हणजे पक्षिनिरीक्षणाच्या ऑनलाइन नोंदवहीत, तेच नाव टाकत राहिले.

काल काठावर कुत्रं आलं आणि पक्षी उडाला. पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी दिसली, शेपटीच्या बुडाशी पांढराशुभ्र ठिगळ, आणि वर चढताना तीन-चार खणखणीत शिट्ट्या. घरी येऊन पुस्तक उघडलं तर पंखाखालचा काळा रंग सरळ हिरव्या तुतारीकडे, म्हणजे ग्रीन सँडपायपरकडे बोट दाखवतोय. बुडाशी पांढरं दोघींनाही असतं, पण ठिपकेवालीचे पंख खालून फिकट असतात.

मग जुने फोटो काढून बसले. लांबून काढलेले आहेत, बहुतेक धूसर. पण तिसऱ्या दिवसाच्या फोटोत भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसते. हिरवीची रेघ डोळ्यापाशीच संपते ना? म्हणजे तो पक्षी ठिपकेवालीच असणार. याचा अर्थ मी दोन वेगळे पक्षी एकच समजून लिहीत होते, आणि कोणत्या दिवशी कोण होतं हे आता सांगता येत नाही. फार वाईट वाटतंय. या नोंदींवरून कुणीतरी स्थलांतराच्या तारखा बघत असेल.

पक्षी उडाला नाही तर या दोघी लांबून ओळखायच्या कशा? पायांवर विसंबावं का? पुस्तकात ठिपकेवालीचे पिवळसर, हिरवीचे हिरवट असं आहे, पण मला दोन्ही चिखलाचेच दिसले. आणि रोज दिसते ती एकच तुतारी की रोज नवी? की जुन्या नोंदी सरळ काढून टाकू?

प्रतिसाद

ताई, नोंदी काढून टाकू नका. तिसऱ्या दिवसाची नोंद फोटो जोडून तशीच ठेवा, कालची हिरवी म्हणून ठेवा. बाकीच्यांचं नाव ई-बर्डवर नंतरही बदलता येतं. जिथे खात्री नाही तिथे फक्त ट्रिंगा या प्रजातीपर्यंतच (जीनस, दोघी त्यातल्याच) नोंदवा. तसा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे.

पायांचं विसरा, चिखल आणि उजेड दोन्ही फसवतात. या दिवसांत ठिपकेसुद्धा फसवतात. प्रौढ ठिपकेवालीची पिसं झिजून ठिपके पुसट झालेले असतात, आणि हिरवीच्या पिल्लांच्या पाठीवर बारीक ठिपके असतात. त्यापेक्षा छाती बघा. हिरवीची छाती गडद आणि खाली पांढरं पोट एकदम कापल्यासारखं सुरू होतं, ठिपकेवालीत ते हळूहळू विरत जातं. लांबून हिरवी काळी-पांढरी वाटते, ठिपकेवाली तपकिरी, सडपातळ, उंच पायांची. उडालीच तर पाय बघा. ठिपकेवालीचे शेपटीच्या मागे चांगले बाहेर येतात, हिरवीचे जेमतेम.

एकच की रोज नवी, हे पायात अभ्यासकांनी घातलेली कडी किंवा ओळखीची खूण नसेल तर सांगता येत नाही. एखादं तुटकं पीस दिसलं तर लिहून ठेवा. चरबी साठवायला थांबलेले पक्षी काही दिवस राहतात आणि बरेचसे संध्याकाळी किंवा रात्री निघून जातात, म्हणजे सकाळी त्याच चिखलात दुसरा उतरलेला असू शकतो. म्हणून अकरा दिवसांची बेरीज करू नका, प्रत्येक फेरीत एका वेळी दिसले तेवढेच लिहा.

जाता जाता, चिखलात फिरणारी ही हिरवी तुतारी झाडावर जन्मते. उत्तरेकडच्या ओल्या जंगलांत ती कस्तुरांसारख्या पक्ष्यांच्या जुन्या घरट्यांत अंडी घालते. मला अजून याचं नवल वाटतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. नऊ नोंदी ट्रिंगा प्रजातीवर आणल्या, तिसऱ्या दिवसाची फोटोसकट ठेवली. अकरापैकी उरली एक, सातव्या दिवसाची. त्या दिवशी वहीत मी स्वतःच लिहिलंय, 'छाती गडद, पोट पांढरं, मध्ये सरळ रेघ'. तेव्हा अर्थ कळला नव्हता. फोटो नाही, फक्त हे एक वाक्य आहे. एवढ्यावर हिरवी लिहिलं तर चालेल का?